घरच्या रिसीव्हरची घडी बसवताना

पेण तालुक्यातील जोहे आणि शेजारचे हमरापूर ही गावे गणेशमूर्तींची गावे म्हणून सर्वपरिचित आहेत. वर्षाचे बहुतेक महिने येथील कारखान्यांत साच्यातून मूर्ती निघत असतात; मग घासकाम, रंगकाम आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. या कामात हात गुंतलेले असतात, नजर गुंतलेली असते. मोकळे राहतात ते केवळ कान. त्यामुळे ज्या कामात दिवस दिवस एका जागी बसावे लागते, तेथे रेडिओ किंवा ध्वनिसंच ही चैनीची वस्तू राहत नाही, ती सोबत होते. याच गावांतून निघालेली मूर्ती मुंबई-पुण्याच्या सदनिकेत येते, तेव्हा तेथेही मखराशेजारचा संच पहाटेच्या भूपाळीपासून रात्रीच्या आरतीपर्यंत राबत असतो. घरातील मंडळी ज्या यंत्राकडे एरवी ढुंकूनही पाहत नाहीत, त्याची माहितीपुस्तिका या दिवसांत हमखास शोधली जाते आणि हमखास सापडत नाही.

बहुतेक घरांतील रिसीव्हर दुकानातून आला तेव्हा जसा होता तसाच वर्षानुवर्षे वापरला जातो. आवाज कमी-जास्त करणे आणि टीव्हीवरून सीडीवर जाणे, यापलीकडे रिमोटची बटणे दाबली जात नाहीत. वास्तविक केंद्र नीट न लागणे, संच मध्येच बंद पडणे, पहाटे नको तितक्या मोठ्या आवाजात सुरू होणे अशा नेहमीच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ बिघाडात नसते, मांडणीत असते. ती मांडणी कशी बदलावी, याची ही माहिती.

रिसीव्हर म्हणजे काय, हे आधी स्पष्ट झालेले बरे. रेडिओची केंद्रे पकडणारा ट्यूनर, वेगवेगळी यंत्रे जोडून त्यांतून निवड करण्याची सोय आणि स्पीकर वाजवणारा अ‍ॅम्प्लिफायर, हे तिन्ही एकाच पेटीत असले की तो रिसीव्हर. त्यात चित्राच्या तारांची सोय आणि पाच किंवा सात स्पीकरांची व्यवस्था आली की त्याला एव्ही रिसीव्हर म्हणतात. सीडी, रेडिओ, यूएसबी आणि घड्याळ एकत्र असलेला छोटा संच, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट 'म्युझिक सिस्टीम' म्हणतात तो, हा त्याच घराण्यातला. हा भेद टायमरच्या बाबतीत महत्त्वाचा ठरतो.

मिर्ची लागते, विविध भारती लागत नाही

परदेशातून आलेल्या संचांची एक खास तक्रार आहे. अमेरिकेतील नातलगाने परत येताना उत्तम रिसीव्हर आणलेला असतो. ट्रान्सफॉर्मर लावून तो सुरू होतो, सीडी सुरेख वाजते. रेडिओवर रेडिओ मिर्ची ९८.३ वर स्वच्छ लागते, रेडिओ सिटी ९१.१ वर लागते, पण १०२.८ वरची विविध भारती काही केल्या येत नाही. आकडा १०२.७ वरून थेट १०२.९ वर उडी मारतो आणि दोन्ही ठिकाणी आवाज फाटका येतो. घरचे लोक अँटेना हलवतात, खिडकीशी नेतात, अखेर संचालाच दोष देतात.

दोष कोणाचाच नसतो. अमेरिकेत एफएम केंद्रे ०.२ मेगाहर्ट्झच्या अंतराने आणि दशांशस्थानी विषम अंक ठेवून दिलेली असतात. त्या देशासाठी बनवलेला ट्यूनर तशाच पायऱ्यांनी चढतो. आपल्याकडे दशांशस्थानी सम अंक असलेली केंद्रेही आहेत आणि नेमकी तीच त्या शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये पडतात. मध्यम लहरींची कथा अशीच. भारतात ही केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या अंतराने, अमेरिकेत १० च्या अंतराने. मुंबई आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीचा ५५८ हा जुन्या श्रोत्यांच्या ओळखीचा आकडा ९ ने भागला जातो. १० च्या पायऱ्यांवर चढणारा ट्यूनर मात्र ५५० वरून ५६० वर जातो.

अनेक संचांत ही पायरी बदलता येते. जुन्या काही रिसीव्हरांच्या पाठीमागे त्यासाठी छोटा खटका असे. नंतरच्या संचांत बंद अवस्थेत ठरावीक दोन बटणे एकत्र दाबून संच सुरू करावा लागतो, तर काहींत मेनूमध्येच तशी नोंद असते. कोणती बटणे, हे प्रत्येक मॉडेलचे वेगळे. त्यामुळे मागील पट्टीवरचा मॉडेल क्रमांक उतरवून घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावरील पुस्तिका पाहणे हाच खात्रीचा मार्ग. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पायरी बदलली की साठवलेली केंद्रे सहसा पुसली जातात, म्हणून आधी कागदावर लिहून घ्यावीत. आणि काही संचांत केवळ मध्यम लहरींचीच पायरी बदलते, एफएमची नाही. असा संच परदेशातून आणण्यापूर्वी हे तपासलेले चांगले, कारण आणल्यानंतर त्यावर उपाय नाही.

केंद्र लागूनही आवाजात खरखर राहते, ती तक्रार वेगळी. मुंबईच्या केंद्रांपासून पेण-रोह्याइतक्या अंतरावर ती अधिक जाणवते. एफएमचे स्टीरिओ प्रक्षेपण स्वच्छ ऐकू येण्यासाठी मोनोपेक्षा बराच बळकट संदेश लागतो. संदेश क्षीण असेल तर ट्यूनरच्या मेनूतील स्टीरिओचा पर्याय मोनोवर न्यावा. डावे-उजवे जाते, पण खरखरही जाते. निवेदन, बातम्या आणि जुनी गाणी ऐकणाऱ्याचे यात फारसे नुकसान नाही. संचासोबत आलेली अँटेनाची तार गुंडाळी करून संचामागे टाकून देण्याची सवयही सोडायला हवी. एफएमच्या पट्ट्यात लहरीची लांबी सुमारे ३ मीटर असते. तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे साधारण ७५ सेंटिमीटर तार सरळ ताणून भिंतीवर लावली तरी पुष्कळ फरक पडतो.

आधी घड्याळ, मग टायमर

टायमर चालत नाही, या तक्रारीचे पहिले कारण संचाचे घड्याळ लावलेलेच नसणे हे होय. पडद्यावर १२:०० किंवा नुसत्या रेषा लुकलुकत असतात आणि अशा अवस्थेत बहुतेक संच टायमर स्वीकारतच नाहीत. महाराष्ट्रात २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने ज्यांचे दिवस ठरवले, त्यांना हे लुकलुकणे चांगले आठवत असेल. वीज गेली की अनेक छोट्या संचांचे घड्याळ शून्यावर येते. साठवलेली केंद्रे मात्र सहसा टिकतात. जुन्या रिसीव्हरांत ती साधारण आठवडाभर तग धरत, नव्यांत ती कायमची राहतात. म्हणजे केंद्रे जागेवर आहेत, म्हणून घड्याळही जागेवर असेल, हा तर्क फसवा आहे. रात्री वीज जाऊन आली असेल, तर सकाळच्या टायमरवर विसंबू नये.

घड्याळातही एक परदेशी पेच दडलेला आहे. जुन्या काही संचांतील घड्याळ विजेच्या आंदोलनांवर वेळ मोजते. अमेरिकेत ही आंदोलने सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११० किंवा १२० व्होल्ट करतो. आंदोलने मात्र तशीच राहतात. परिणामी असे घड्याळ दर तासाला १० मिनिटे मागे पडते. रात्री १० वाजता अचूक लावलेले घड्याळ सकाळी ६ वाजता ४ वाजून ४० मिनिटे दाखवेल आणि पहाटे ६ ची भूपाळी प्रत्यक्षात ७ वाजून ३६ मिनिटांनी सुरू होईल. यावर दुरुस्ती शोधत बसण्यात अर्थ नाही. त्या संचाच्या घड्याळाचा नाद सोडावा.

टायमर हा शब्द एकच असला तरी सोयी निरनिराळ्या आहेत. झोपेचा टायमर, ज्याला रिमोटवर 'स्लीप' लिहिलेले असते, तो सर्वांत सोपा. याला घड्याळ लागत नाही. बटण दाबत जावे तशी मिनिटे बदलतात. यामाहाच्या अनेक रिसीव्हरांत ३०, ६०, ९० आणि १२०, तर डेनॉनच्या अनेकांत १० पासून १२० पर्यंत दहा-दहाच्या टप्प्यांनी. ठरलेली वेळ संपली की संच स्टँडबायमध्ये जातो. ही आज्ञा त्या रात्रीपुरतीच असते, रोज नव्याने द्यावी लागते. गाणी लावून झोपण्याची सवय असलेल्या ज्येष्ठांसाठी रिमोटवरील याच एका बटणावर रंगीत कागदाचा ठिपका चिकटवून द्यावा, असे सुचवावेसे वाटते. इतर चाळीस बटणे त्यांना लागत नाहीत.

दुसरी सोय आपण न मागताही कार्यरत असते आणि म्हणूनच ती सर्वाधिक गोंधळ घालते. काही काळ कोणी बटण दाबले नाही, तर संच आपोआप बंद होतो; हे 'ऑटो स्टँडबाय'. युरोपीय संघाने २००८ मध्ये विजेच्या अपव्ययाबाबत नियमावली केली. बंद स्थितीत संचाने किती वीज खावी, यावर तिने २०१० पासून १ वॅटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा घातली, काही अपवाद सोडून. त्यानंतर आपोआप बंद होण्याची ही व्यवस्था अधिकाधिक संचांत आली. तिचे दोन प्रकार आहेत. एकात आवाजाचा संदेश थांबला आणि कोणी बटणही दाबले नाही, तर १५-२० मिनिटांत संच निजतो. दुसऱ्यात आवाज चालू असला तरी, केवळ दोन, चार किंवा आठ तास कोणी बटणाला हात लावला नाही, म्हणून संच निजतो. मूर्तींच्या कारखान्यासारख्या जागी, जेथे सकाळी लावलेला रेडिओ संध्याकाळपर्यंत चालायचा असतो, तेथे हा दुसरा प्रकार म्हणजे हमखास डोकेदुखी. संच तापून बंद पडतो, असा समज करून तो दुरुस्तीला नेला जातो आणि दुरुस्तीवाल्याकडे तासभर वाजवून पाहिला की ठणठणीत असतो. मेनूमध्ये ही वेळ वाढवता येते किंवा व्यवस्था पूर्ण बंद करता येते. घरच्या संचावर मात्र ती असू द्यावी.

तिसरा प्रकार म्हणजे ठरल्या वेळी संच सुरू होणे. येथे मोठ्या रिसीव्हरांपेक्षा छोटे संच पुढे आहेत. बहुतेक एव्ही रिसीव्हरांत जागे करणारा टायमर नसतोच, ही गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. डेनॉनच्या डी-एम मालिकेतील छोट्या संचांत मात्र एकदाच वाजणारा आणि रोज वाजणारा असे दोन वेगळे गजर लावता येतात. सोनी, फिलिप्स आदींच्या संचांतही 'प्ले टायमर' वर्षानुवर्षे होता. त्याआधीच्या पिढीच्या कॅसेट डेकवर टायमरचा खटका असे आणि बाहेरच्या घड्याळाने वीज दिली की कॅसेट वाजू किंवा ध्वनिमुद्रण होऊ लागे. रेडिओवरील मैफल घरी नसतानाही टिपून ठेवण्याचा तो मार्ग होता. आज बाजारात मिळणारे, सॉकेटमध्ये बसवायचे टायमर याच तत्त्वावर चालतात. पण आधुनिक रिसीव्हरला नुसती वीज मिळून भागत नाही. वीज आली की तो स्टँडबायमध्ये जाऊन थांबतो. ज्या जुन्या संचाचे मुख्य बटण दाबल्यावर दाबलेलेच राहते, त्याच्यासाठीच हा उपाय उपयोगी.

जागे करणारा टायमर लावताना चार गोष्टी ठरवाव्या लागतात: सुरू होण्याची वेळ, थांबण्याची वेळ, आवाजाचा उगम आणि आवाजाची पातळी. वेळेत एएम-पीएमचा घोळ नेहमीचा. शक्य असेल तेथे २४ तासांचे घड्याळ निवडावे. उगम म्हणून सीडी निवडली, तर ती खाचेत हवी. रेडिओ निवडला, तर केंद्र साठवलेले हवे. ब्लूटूथवर विसंबू नये, कारण पहाटे संच जागा होईल, पण फोन जोडलेला असेलच असे नाही. आणि टायमर लावल्यानंतर संच रिमोटने बंद करावा, भिंतीवरच्या बटणाने नव्हे.

सहाच्या आतला आवाज

आवाजाची पातळी हा चौथा मुद्दा स्वतंत्रपणे पाहण्यासारखा आहे. काही संचांत टायमरसाठी वेगळी पातळी ठरवता येते, काहींत आदल्या रात्री जी होती तीच राहते. रात्री पन्नास पाहुण्यांच्या गलबल्यात आरतीसाठी वाढवलेला आवाज पहाटे साडेपाचला निद्रिस्त इमारतीत त्याच पातळीवर फुटतो. समोरच्या घरात तान्हे मूल असेल, खालच्या मजल्यावर नुकतेच रुग्णालयातून घरी आलेले कोणी असेल. येथे प्रश्न केवळ शेजारधर्माचा नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी ध्वनिसंचाचा आवाज त्या खासगी जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये, असेही नियम सांगतो. म्हणजे रात्री ५० डेसिबल. शांतपणे चाललेले संभाषणसुद्धा याच्या आसपास पोहोचते. उत्सवकाळात मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य सरकार वर्षातून कमाल १५ दिवस देऊ शकते, परंतु ती रात्री १० ते १२ पुरती. पहाटेला तिचा उपयोग नाही. भूपाळी सहानंतर लावावी, हे उत्तम.

संचात याची तजवीज करता येते. बहुतेक एव्ही रिसीव्हरांच्या मेनूत कमाल आवाजाची मर्यादा आणि सुरू होतानाची पातळी अशा दोन नोंदी असतात. दोन्ही भरून ठेवाव्यात. आकड्यांनी मात्र गोंधळू नये. काही संच शून्यापासून वर मोजतात, काही उणे आकडे दाखवतात. उणे ४० हे उणे २० पेक्षा हळू. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरला दहापट शक्ती खर्चावी लागते. त्यामुळे शेवटच्या काही आकड्यांत आवाज फारसा वाढत नाही, स्पीकर मात्र फाटतो.

रात्री चित्रपट पाहणाऱ्यांसाठी 'नाइट मोड' किंवा तत्सम नावाची सोय असते. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी स्फोट होतो. ही सोय मोठा आवाज दाबून बारीक आवाज उचलते. जुन्या रिसीव्हरांत ती केवळ डॉल्बी डिजिटल ध्वनीवर चालते, सीडीवर तिचा परिणाम होत नाही, हे माहीत नसल्याने ती बिघडली असा समज होतो. स्लॅबमधून खाली जाणारा धमधमाट हा मुख्यतः सबवूफरचा. रात्री त्याचीच पातळी उतरवली, तर बाकी आवाज फारसा कमी न करताही खालच्या घरची तक्रार थांबते.

स्पीकरांची जुळणी

हे काम आता यंत्रच करते. सोबत आलेला मायक्रोफोन बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवायचा, खोलीत शांतता राखायची आणि संच स्वतः प्रत्येक स्पीकरचे अंतर व पातळी मोजतो. यामाहा याला वायपाओ म्हणते, डेनॉन व मरांट्झमध्ये ऑडिसी, पायोनियरमध्ये एमसीएसीसी. पंखा बंद ठेवावा. आपल्या घरांत ही अट पाळली जात नाही आणि मोजमाप बिघडते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात जेमतेम फूटभर. अंतराची नोंद चुकली की ओठ आणि शब्द नव्हे, तर डावे आणि उजवे एकमेकांपासून सुटतात. गणपतीत मखरासाठी फर्निचर हलवले असेल, तर जुळणी पुन्हा करावी आणि विसर्जनानंतर पुन्हा एकदा. दहा मिनिटांचे काम आहे.

मखर आणि यंत्र यांच्या शेजाराबद्दल एक सूचना आवश्यक वाटते. रिसीव्हर काम करताना चांगलाच तापतो आणि वरच्या जाळीतून उष्णता सोडतो. त्या जाळीवर सजावटीचे कापड, हार किंवा प्रसादाचे ताट ठेवू नये. थर्मोकोलच्या मखरांवर महाराष्ट्रात २०१८ मध्ये बंदी आली. कागद, पुठ्ठा आणि कापड यांची मखरे वाढली, तीही पेट घेणारीच. मूर्ती आणि स्पीकर एकाच टेबलावर ठेवणेही टाळावे. शाडूची मूर्ती ठिसूळ असते आणि सबवूफरच्या कंपनांनी चौरंगावरील वस्तू हळूहळू सरकतात, हे कोणालाही निरांजनाकडे टक लावून पाहिल्यास दिसेल.

सर्व मांडणी मनासारखी झाली की मेनूतील प्रत्येक पडद्याचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. संच कधी अडून बसला, तर तंत्रज्ञ पहिला उपाय म्हणून कारखान्यातील मूळ स्थितीवर आणतो आणि मग केंद्रे, स्पीकरांची अंतरे, आवाजाच्या मर्यादा सारेच पुसले जाते. काही नव्या संचांत ही मांडणी यूएसबीवर किंवा अ‍ॅपमध्ये जतन करता येते. छायाचित्रे मात्र कोणत्याही संचाची काढता येतात, जोह्याच्या कारखान्यात फळीवर ठेवलेल्या वीस वर्षांपूर्वीच्या संचाचीही.